हद्द हलवण्याआधी ग्रामसभेला विचारा

प्रति,
मा. ग्रामविकास मंत्री व मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : गावाची हद्द बदलताना ग्रामसभेची संमती बंधनकारक करण्याबाबत.

महोदय,

२०२७ च्या जनगणनेसाठी देशभरातल्या प्रशासकीय हद्दी १ जानेवारी २०२६ पासून ३१ मार्च २०२७ पर्यंत गोठवल्या आहेत. शहराच्या वेशीवरच्या आमच्यासारख्या गावांना तेवढी उसंत मिळाली आहे. ती संपली की थांबलेल्या फायली पुन्हा हलू लागतील. कुठे नगरपरिषदेची हद्दवाढ असेल, कुठे मोठ्या ग्रामपंचायतीची नगरपंचायत करायची असेल, कुठे गट ग्रामपंचायत फोडायची असेल. आजवर सगळे हिशेब २०११ च्या लोकसंख्येवर चालले. आता नवे आकडे हाती येतील आणि त्यांच्या जोरावर प्रस्तावांची रांग लागेल. त्याआधी कायद्यात एक दुरुस्ती करा, एवढंच मागण्यासाठी हे पत्र आहे.

मी पश्चिम विदर्भातल्या एका तालुक्याच्या शहराला लागून असलेल्या गावात राहते. घरची कोरडवाहू शेती आहे, पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीन. शहर आमच्या शिवारापर्यंत येऊन टेकलं आहे. आमचं गाव नगरपरिषदेत घ्यावं, असा प्रस्ताव मध्यंतरी निघाला होता. तेव्हापासून मी या विषयावरचे कायदे आणि राजपत्रं मिळतील तशी वाचत आले. पत्र दोघांनाही लिहिण्याचं कारण असं की आमचं गाव एकाच्या कायद्यातून दुसऱ्याच्या कायद्यात जातं, आणि ते जाताना गावाशी बोलायचं कुणी, हे कुणीच आपलं काम समजत नाही.

कायदा आज काय म्हणतो ते आधी मांडते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ४ प्रमाणे एखादं क्षेत्र गावात घालायचं, गावातून वगळायचं किंवा गाव म्हणून ठेवायचंच नाही असं ठरवायचं तर जिल्हा परिषदेची स्थायी समिती आणि संबंधित पंचायत यांच्याशी विचारविनिमय करून अधिसूचना काढता येते. नगरपरिषदांचा १९६५ चा अधिनियम उद्घोषणेची पद्धत सांगतो. शासनानं आपला इरादा राजपत्रात आणि त्या भागातल्या निदान एका वर्तमानपत्रात छापायचा, मराठीत नोटीस लावायची, किमान ३० दिवस लेखी हरकती जिल्हाधिकाऱ्यांकडे घ्यायच्या. जिल्हाधिकारी त्या शासनाकडे पाठवतात. हरकती अपुऱ्या किंवा गैरलागू आहेत असं शासनाला वाटलं की अंतिम अधिसूचना निघते.

या सगळ्या साखळीत ग्रामसभा कुठेच नाही. पंचायत म्हणजे सात ते सतरा निवडून आलेली माणसं. ग्रामसभा म्हणजे गावातला प्रत्येक मतदार. राज्यघटनेच्या २४३ व्या अनुच्छेदात ग्रामसभेची वेगळी व्याख्या आहे. एरवी घरकुलाचे लाभार्थी निवडायला, गावाचा आराखडा मंजूर करायला तुम्ही ग्रामसभेचा ठराव मागता, आणि तो नसेल तर फाईल परत पाठवता. ज्या निर्णयानं ही ग्रामसभाच कायमची बंद होते, त्या एका निर्णयाला मात्र तिचा ठराव लागत नाही. मला ही गोष्ट कळली त्या दिवसापासून ती स्वीकारता आलेली नाही.

जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीचंही बघा. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. विदर्भात यवतमाळ, अमरावती, बुलडाणा, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली इथं प्रशासक बसले आणि पुढे काही वर्षं निवडणुका झाल्या नाहीत. निवडून आलेले सदस्यच नव्हते, मग स्थायी समिती कुठून असणार? कायद्यानं घातलेला विचारविनिमय अशा वेळी एका अधिकाऱ्याच्या सहीनं पूर्ण होतो. नगरपरिषदांचंही तसंच. बहुतेक ठिकाणी चार-एक वर्षांनी, डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झालं. म्हणजे मधल्या काळात कुणी गाव शहराला जोडायचं म्हटलं असतं तर जोडणारा प्रशासक, संमती देणारा प्रशासक आणि जोडल्यावर कारभार बघणाराही प्रशासकच असता.

आता आमच्या गावात नोटीस कशी आली ते सांगते. पेरणीचे दिवस होते. पाऊस एकदा येऊन गेला होता आणि दुसऱ्याची वाट बघत अर्धं गाव वावरातच होतं. पंचायतीच्या फलकावर एक झेरॉक्स लागली. तिच्यात अनुसूची होती, ‘उत्तरेस सर्व्हे नंबर अमुकपासून पांदण रस्त्याने तमुकपर्यंत, पूर्वेस मौजा अमुकची शिव’, अशी ओळीमागून ओळ. गावाचं नाव एकदाच आलं होतं, बाकी सगळे आकडे. लोक जुने सात-बारा पिशवीतून काढून आपला नंबर शोधत होते. काहींचं वावर हद्दीत आणि घर बाहेर होतं, काहींचं उलट. घर ग्रामपंचायतीत आणि वावर नगरपरिषदेत गेलं तर बांधकामाची परवानगी कोण देणार, पांदण रस्ता कोण दुरुस्त करणार, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारलं तर त्यांच्याकडेही कागद तेवढाच होता. नकाशा सोबत नव्हता.

हरकत द्यायला जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागतं. ऐन पेरणीत एक रोज बुडवून, गाडीभाडं खर्चून जाणं ज्यांना जमलं ते गेले. आवक-जावक टेबलावर शिक्का मारून पोच मिळाली. त्यानंतर सुनावणी नाही, उत्तर नाही. आमची हरकत कुणी वाचली का, ती अपुरी ठरली की गैरलागू, आणि कशामुळे, यातलं काहीच कळलं नाही. मी कोणा एका अधिकाऱ्याला दोष देत नाही. हरकतदाराला उत्तर द्यावं, असं त्या कलमात लिहिलेलंच नाही, आणि जे लिहिलेलं नाही ते कुणी करत नाही.

राज्यघटनेच्या २४३ क्यू अनुच्छेदात शहरी क्षेत्र ठरवताना काय बघायचं ते दिलं आहे : लोकसंख्या, तिची दाटी, स्थानिक कारभारासाठी मिळणारा महसूल, बिगरशेती रोजगाराची टक्केवारी, आर्थिक महत्त्व. हे निकष बरेच बरे आहेत. पण ते गावाला कधी दाखवले जात नाहीत. आमच्या गावातले किती लोक शेतीबाहेर कमावतात, हा आकडा प्रस्तावात काय धरला होता? मळणीला आणि वेचणीला गावात, उरलेले महिने शहरात सेंट्रिंगच्या कामावर, अशी आमची निम्मी तरुण पोरं आहेत. त्यांना कुठे मोजलं? हा आकडा चावडीवर लावला असता तर गावानं पाच मिनिटांत तो तपासून दिला असता.

गावानं ‘हो’ म्हणावं की ‘नाही’, हे ठरवायला गावापुढे हिशेब लागतो. माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचं मूळ तिथंच आहे. आज हद्दवाढ म्हटलं की एक बाजू सांगते, नळ येईल, नाल्या होतील, भाव वाढतील. दुसरी बाजू सांगते, टॅक्स वाढेल. दोघांच्याही हातात कागद नसतो. खरं तर बदलणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्या आधीच लिहून देता येतात.

रोजगार हमीचा केंद्राचा कायदा ग्रामीण भागापुरता आहे. गाव शहरात गेलं की जॉबकार्ड असलेल्या बाईला त्या कायद्याखाली कामाची मागणी कुठे करायची, हे आधी सांगा. ग्रामीण घरकुलाच्या यादीत ज्यांचं नाव आहे आणि घर अजून मंजूर नाही, त्यांचं काय होणार? शहरी घरकुलाचं अनुदान जास्त असतं, हे मान्य. पण त्याला जागेच्या मालकीचे कागद लागतात. आमच्या गावठाणातल्या कितीतरी घरांकडे ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या, म्हणजे घरटॅक्सच्या नोंदीच्या, उताऱ्याशिवाय दुसरा कागदच नाही. गावठाणं ड्रोननं मोजून मिळकत पत्रिका देणारी स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली, ती ग्रामीण भागासाठी. मग ज्या गावाची हद्दवाढ प्रस्तावित आहे, तिथल्या लोकांना निदान या पत्रिका हातात दिल्याशिवाय गाव हलवू नये. ही साधी मागणी आहे, पैसे लागत नाहीत, फक्त आधी काय आणि नंतर काय याचा क्रम लागतो.

वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो. पंधराव्या आयोगाच्या निधीतला ८० टक्के वाटा आपल्या राज्यानं ग्रामपंचायतींना दिला. तो कुठे खर्च करायचा, हे गावात बसून ठरतं, भांडून का होईना. नगरपरिषदेत आमचं गाव एखाद्या प्रभागाचा तुकडा होईल आणि आमचा नगरसेवक शेजारच्या कॉलनीतला असू शकेल. घरटॅक्स आज किती, जोडल्यावर पहिल्या वर्षी किती, पाचव्या वर्षी किती, त्या बदल्यात पाइपलाइन कोणत्या वर्षी गावापर्यंत येणार आणि तिला पैसा कुठून, हेही लेखी हवं.

आणि ई-क्लासची, म्हणजे गावाच्या चराईसाठी राखलेली सरकारी जमीन. यावर थोडं थांबते, कारण मुंबईच्या कागदावर ती मोकळी जागा दिसते. आमच्या गावाच्या उत्तरेला अशी जमीन आहे. सकाळी गायकी आखरावर ढोरं गोळा करतो आणि तिकडे नेतो. ज्यांच्याकडे वावर नाही, एक गाय आणि दोन-चार शेळ्या एवढंच आहे, अशा बायांचा संसार त्या चाऱ्यावर चालतो. पोळा तिथंच भरतो, स्मशान तिथंच आहे, पावसाचं पाणी तिथल्याच नाल्यातून विहिरींना पाझरतं. शहराला कचरा टाकायला, सांडपाण्याचा प्रकल्प उभारायला, नवी वसाहत बसवायला शासकीय जागा हवी असते, आणि शहराच्या पोटात ती उरलेली नसते. हद्दवाढीत कोणती गावं निवडली जातात हे समजून घ्यायचं तर लोकसंख्येचे तक्ते बाजूला ठेवून आधी ई-क्लासचा नकाशा बघावा, अशा मताला मी आले आहे. हद्द बदलली तरी ही जमीन चराई, स्मशान आणि पाण्यासाठीच राहील, याची हमी त्याच अधिसूचनेत लिहून मिळाली पाहिजे. कारण एकदा नवीन विकास आराखड्यात तिच्यावर दुसरं आरक्षण पडलं, की तेव्हा तिच्याबद्दल बोलायला ग्रामसभाच शिल्लक नसेल.

मी शहराच्या विरोधात लिहीत नाही. आमच्याच शिवारात रस्त्याच्या कडेला लेआऊट पडले आहेत. तिथं शिक्षक, कंडक्टर, दुकानदार, पेन्शनर राहतात. त्यांना नाली नाही, रात्री दिवे नाहीत, कचरागाडी येत नाही, आणि एवढा पसारा आमच्या ग्रामपंचायतीला खरोखरच झेपत नाही. त्यांना नगरपरिषद हवी आहे, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. दोन्ही कायदे ‘स्थानिक क्षेत्रा’ची भाषा करतात, म्हणजे अख्खं गाव नेलंच पाहिजे असं नाही. लेआऊट शहराला जोडा आणि गावठाण, शिवार, ई-क्लास गावात ठेवा, हा पर्याय आमच्यापुढे कुणी ठेवलाच नाही. ठेवला असता तर लेआऊटमधले आणि गावठाणातले लोक एका सभेत बसून बोलले असते. आज ते एकमेकांकडे संशयानं बघतात.

२०१६ मध्ये लोहारा, वाघापूर, उमरसरा ही गावं यवतमाळ नगरपरिषदेत आली. त्याच वर्षी अकोला महापालिकेच्या हद्दवाढीत २४ गावं गेली. त्याआधी, २०१४ मध्ये, तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायत करण्याचं धोरण शासनानं घेतलं. आता दहा-बारा वर्षं झाली. तिथं टॅक्स किती वाढला, पाणी आणि रस्ते किती आले, घरकुलं किती अडली, शासकीय जमिनी कशाला गेल्या, याचा अहवाल शासनाला काढता येईल. आकडे तुमच्याच कार्यालयांत आहेत. तो अहवाल चांगला निघाला तर पुढच्या गावांचा विरोध आपोआप कमी होईल.

आता मला जो मार्ग दिसतो तो. तो तुमच्याच नियमांत आहे. अनुसूचित, म्हणजे आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आहे आणि महाराष्ट्राचे २०१४ चे नियम आहेत. केळापूर, राळेगाव, घाटंजी, मारेगाव या भागांतल्या अनुसूचित गावांत कोलाम आदिवासींचं एखादं पोड, म्हणजे वस्ती असेल, तर त्या पोडातले मतदार बहुमतानं ठराव करून ‘आमचं वेगळं गाव जाहीर करा’ असं उपविभागीय अधिकाऱ्याला कळवू शकतात. सुरुवात पोडातून होते, चौकशी त्यानंतर. अंमलबजावणीत अडचणी येतात, उशीर होतो, पण तत्त्व स्पष्ट आहे की हद्दीबद्दलचा पहिला शब्द तिथं राहणाऱ्यांचा. तिथून काही कोसांवर, अनुसूचित क्षेत्राच्या बाहेर दुसरं पोड असतं किंवा बंजारा समाजाचा तांडा असतो. त्यांना गट ग्रामपंचायतीतून वेगळं व्हायचं असेल तर अर्ज, निवेदनं आणि वर्षानुवर्षांची वाट. आमच्यासारख्या गावाला तर नको म्हणायचीही सोय नाही.

याच ओघात अनुसूचित क्षेत्रातल्या नगरपंचायतींकडेही लक्ष वेधते. राज्यघटनेचा २४३ झेडसी अनुच्छेद सांगतो की नगरपालिकांबद्दलचा भाग अनुसूचित क्षेत्राला लागू नाही, संसदेनं तसा कायदा केला तरच तो लागू होईल. २००१ मध्ये त्यासाठी विधेयक मांडलं गेलं, त्याचा कायदा झालेला नाही. तरी भामरागड, एटापल्लीला आज नगरपंचायत आहे. ज्या पेसानं ग्रामसभेला गौण वनोपजावर अधिकार दिले, त्या ग्रामसभेची तिथं नेमकी जागा काय, हे शासनानं लेखी स्पष्ट करायला हवं. गडचिरोलीतल्या ग्रामसभा तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः करू लागल्या आहेत. त्यांना अंधारात ठेवून तिथल्या हद्दीला हात लावू नये.

एवढ्या मोठ्या सभेत मत कसं घेणार, असं म्हटलं जाईल. ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, यातली कमी संख्या, एवढी आहे. हद्दीसाठी ती पुरेशी नाही, हे मलाही पटतं. पण गुप्त मतदानाची वाट आपल्याकडे आहेच. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर बाया आडव्या बाटलीवर शिक्का मारतात, प्रशासन मतपेटी लावतं, निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी तसं मत दिलं की दुकान बंद होतं. थेट निवडून आलेल्या सरपंचावरचा अविश्वास ठरावही ग्रामसभेपुढे गुप्त मतदानाला जातो. एका दुकानासाठी आणि एका पदासाठी जी व्यवस्था उभी राहते, ती अख्ख्या गावासाठी एकदा उभी करणं शासनाला अवघड नाही. आणि ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची जी तरतूद आहे, ती या विषयाला सक्तीची करा. जॉबकार्ड, शेळ्या, पाणी, रेशन याबद्दल आमच्या सभेत जे निघतं, ते पुरुषांच्या बैठकीत क्वचितच निघतं.

तेव्हा दोन्ही अधिनियमांत एकत्र दुरुस्ती करून असं ठरवावं : हद्दबदलाचा इरादा जाहीर करण्याआधी वर लिहिलेला हिशेब आणि वाचता येईल असा नकाशा गावात लावायचा. पेरणी आणि वेचणीचे महिने टाळून विशेष ग्रामसभा घ्यायची आणि गुप्त मतदान करायचं. बहुमत नसेल तर प्रस्ताव पुढे जाणार नाही. अगदीच अपवादात्मक कारण असेल तर ते कारण अधिसूचनेत छापायचं. हरकती तालुक्याच्या ठिकाणी घ्यायच्या, सुनावणी गावात करायची, प्रत्येक हरकतदाराला लेखी उत्तर द्यायचं. ज्या जिल्हा परिषदेत किंवा नगरपरिषदेत प्रशासक असेल, तिथं निवडणूक होईपर्यंत हद्द बदलायची नाही.

३१ मार्च २०२७ च्या आत या दुरुस्तीचा मसुदा विधिमंडळात यावा. तेवढ्यात ते जमणार नसेल, तर दुरुस्ती होईपर्यंत कोणताही नवा हद्दबदल ग्रामसभेच्या ठरावाशिवाय विचारात घेऊ नये, असं परिपत्रक दोन्ही विभागांनी काढावं.

या पत्राची प्रत मी आमच्या सरपंचांना दिली आहे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ते घ्यावं असा अर्ज गावातल्या बायांनी सह्या करून दिला आहे. तुमचं उत्तर त्याआधी आलं तर तिथं वाचून दाखवू, नंतर आलं तर पुढच्या सभेत.

आपली,
ग्रामसभेची एक मतदार,
पश्चिम विदर्भ